कुणाला काही प्रश्न?

व्याख्यान संपते, टाळ्या होतात आणि सूत्रसंचालक लगबगीने ध्वनिक्षेपकापाशी येऊन म्हणतात, "वेळेअभावी फक्त दोनच प्रश्न घेऊ या." श्रोत्यांत चुळबुळ सुरू होते. पहिल्या रांगेतले एक गृहस्थ उठतात आणि प्रश्न विचारण्याऐवजी स्वतःच पाच मिनिटे भाषण ठोकतात. दुसरा प्रश्न चिठ्ठीवर आलेला असतो. अध्यक्ष ती चिठ्ठी वाचतात, घडी घालतात आणि खिशात टाकतात. मग आभारप्रदर्शन आणि चहा. पुण्यातली वसंत व्याख्यानमाला असो की इंदूर-बडोद्याकडच्या मराठी मंडळाचा गणेशोत्सव, हे दृश्य ओळखीचे वाटणार नाही असा श्रोता विरळाच!

खरे तर वक्त्याची परीक्षा इथेच व्हायची असते. भाषण लिहून द्यायला सचिव असतो, आकडे पुरवायला अधिकारी असतात. पण आठवीतली एखादी मुलगी उभी राहून "सर, तुम्ही सध्या कुठलं पुस्तक वाचताय?" असे विचारते, तेव्हा मदतीला कुणी धावून येत नाही. राजकारणावरच्या प्रश्नाला बगल कशी द्यायची हे पुढाऱ्यांना सवयीने जमते, धोरणावरच्या प्रश्नावर आकडे फेकता येतात. वाचनावरच्या प्रश्नाची तयारी मात्र एका रात्रीत होत नाही.

या तिन्ही प्रकारच्या प्रश्नांना आयुष्यभर तोंड देणारा, किंबहुना ते प्रश्न यावेत म्हणून व्याख्याने देत हिंडणारा एक माणूस आपल्याकडे होऊन गेला. तो या देशाचा राष्ट्रपतीही होता. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची भाषणे पुष्कळांना आठवतात. त्यांच्या प्रश्नोत्तरांकडे मात्र जरा निराळ्या नजरेने पाहायला हवे, कारण माणूस तिथे अधिक दिसतो. आणि जिथे तो उत्तर देत नाही, तिथेही दिसतो.

साठ जागा, साडेतीनशे श्रोते

१० जून २००२. कलाम तेव्हा चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात प्राध्यापक होते. त्यांच्या वर्गाची क्षमता साठ विद्यार्थ्यांची, पण ऐकायला साडेतीनशेहून अधिक मुले दाटीवाटीने बसत. त्या दिवशी एका तासाचे व्याख्यान चांगले दोन तास चालले. ते आटोपल्यानंतर पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा फोन आला आणि राष्ट्रपतिपदासाठी त्यांचे नाव सुचवायचे आहे, हे त्यांना कळले. त्यांनी विचार करायला दोन तास मागून घेतले. पुढे २०१२ मध्ये आलेल्या 'टर्निंग पॉइंट्स' या पुस्तकात त्यांनीच ही हकिकत सांगितली आहे.

त्याच्या आदल्या वर्षी, ३० सप्टेंबर २००१ रोजी, बोकारोजवळ त्यांचे हेलिकॉप्टर कोसळले होते. त्यातून ते सुखरूप बाहेर आले आणि ठरलेल्या कार्यक्रमाप्रमाणे विद्यार्थ्यांपुढे उभे राहिले. दुसऱ्या कुणी कार्यक्रम रद्द केला असता तर कोणीही नावे ठेवली नसती.

त्यांच्या सभेची एक ठरलेली रीत असे. पडद्यावर चित्रे आणि मुद्दे दाखवत भाषण, मग मुलांकडून एकेक वाक्य म्हणवून घेत प्रतिज्ञा, आणि शेवटी प्रश्न. वाक्ये म्हणवून घेण्याचा हा प्रकार मोठ्यांना कधी कधी बालिश वाटे, आणि ते अगदीच चूक होते असे नाही. पण प्रश्नांची वेळ आली की रंग पालटत असे. कारण ते प्रश्न घेत तसे मुलांनाच उलट प्रश्नही घालत.

एप्रिल २००२ मध्ये गुजरातेतल्या आणंद येथे असेच झाले. गुजरात दंगलींनी होरपळत होते ते हे दिवस. "आपला शत्रू कोण?" असा प्रश्न कलामांनी मुलांपुढे ठेवला. निरनिराळी उत्तरे आली. बारावीत शिकणाऱ्या एका मुलीने सांगितले की आपला शत्रू गरिबी हा आहे, आणि ते सर्वांना पटले. त्या वर्षी प्रसिद्ध झालेले 'इग्नायटेड माइंड्स' हे पुस्तक कलामांनी त्याच मुलीला अर्पण केले. ज्या महिन्यांत 'शत्रू' या शब्दाला गल्लीगल्लीत वेगळेच चेहरे चिकटवले जात होते, त्या महिन्यांत एका शाळकरी मुलीने हे उत्तर द्यावे आणि भावी राष्ट्रपतीने ते लिहून ठेवावे, ही गोष्ट साधी नाही.

धोरणाचे उत्तर तोंडपाठ

धोरणांबद्दल विचारले की कलामांची गाडी ठरलेल्या रुळांवरून धावे. य. सु. राजन यांच्यासह त्यांनी १९९८ मध्ये 'इंडिया २०२०' हे पुस्तक लिहिले होते. २०२० सालापर्यंत भारत विकसित देश व्हावा, हे त्यातले स्वप्न. खेड्यांसाठी त्यांची 'पुरा' ही योजना होती. तिचा अर्थ असा की शहरातल्या सोयी खेड्यांकडे न्यायच्या. काही गावांचा मिळून एक गट करायचा, त्यांना रस्त्यांनी जोडायचे, मग दूरसंचाराने जोडायचे, मग शाळा-महाविद्यालये-दवाखान्यांच्या रूपाने ज्ञानाने जोडायचे. हे तिन्ही झाले की बाजारपेठ आणि रोजगार पाठोपाठ येतील आणि माणसांना शहराची वाट धरावी लागणार नाही.

कलामांच्या दोन सभा ऐकलेल्या माणसाला तिसऱ्या सभेत हे उत्तर त्यांच्याआधी म्हणता आले असते. शेतकऱ्याच्या कर्जाबद्दल विचारा, बेकारीबद्दल विचारा, उत्तर फिरून 'पुरा'वर येई. जात, जमिनीची मालकी, गावातला सावकार या गोष्टींना त्या आराखड्यात फारशी जागा नव्हती. अभियंत्याने नकाशावर गाव पाहावे तसे ते पाहत. वाजपेयींनी २००३ च्या स्वातंत्र्यदिनाच्या भाषणात या योजनेचा उल्लेख केला, प्रायोगिक कामेही सुरू झाली, पण ती मोठी झाली नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'रूर्बन' योजनेत तिचा सांगाडा पुन्हा दिसला.

आणि २०२० साल? ते आले ते महासाथ घेऊन. शहरे बंद झाली आणि लाखो मजूर डोक्यावर बोचकी, कडेवर पोरे घेऊन आपापल्या गावांकडे पायी निघाले. माणसाला पोटासाठी गाव सोडावे लागू नये, हा 'पुरा'मागचा प्रश्न किती खरा होता, हे त्या रस्त्यांवर दिसले. उत्तर अपुरे असले तरी प्रश्न नेमका हेरलेला असू शकतो.

आठ वर्षांनी मिळालेले उत्तर

राजकारणाचा विषय निघाला की कलाम आखडते घेत. यात स्वभाव होता तसा पदाचा संकोचही होता. राष्ट्रपतीने मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागायचे असते. सभेत कुणी विचारले म्हणून मनातले बोलून मोकळे होण्याची सोय त्याला नसते. त्यामुळे "सर, सगळे राजकारणी असे का?" अशा प्रश्नाला चांगल्या माणसांनी राजकारणात यावे, या वळणाचे उत्तर मिळे. टाळ्या पडत. पण हाती काय लागे? फारसे काही नाही.

मात्र त्यांनी उत्तरे दिलीच नाहीत असे नाही. ती उशिरा दिली. २००४ च्या निवडणुकीनंतर सोनिया गांधी पंतप्रधान झाल्या नाहीत, तेव्हा राष्ट्रपतींनीच हरकत घेतली अशी कुजबुज वर्षानुवर्षे चालली. पद सोडल्यानंतर पाच वर्षांनी, 'टर्निंग पॉइंट्स'मध्ये, कलामांनी लिहिले की नियुक्तीचे पत्र त्यांच्या नावाने तयार होते. त्यांनी डॉ. मनमोहन सिंग यांचे नाव सुचवल्यावर राष्ट्रपती भवनाला ते पत्र नव्याने करावे लागले. एका प्रश्नाचे उत्तर मिळायला आठ वर्षे लागली! तोवर कुजबुजीने आपले काम केले होते. हे उत्तर आधी यायला हवे होते, असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे गैर नाही.

त्याहून अवघड प्रश्न बिहारचा होता. मे २००५ मध्ये कलाम मॉस्कोत असताना बिहार विधानसभा विसर्जित करण्याची शिफारस तिथे पाठवण्यात आली आणि त्यांनी तिच्यावर सही केली. ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते विसर्जन घटनाबाह्य ठरवले. आपण राजीनामा लिहून तयार ठेवला होता, पण देशात गोंधळ माजेल म्हणून पंतप्रधानांनी तसे न करण्याची विनंती केली, हेही त्यांनी पुस्तकातच सांगितले. पुढच्या वर्षी, ३० मे २००६ रोजी, लाभाच्या पदांसंबंधीचे विधेयक त्यांनी सही न करता संसदेकडे फेरविचारासाठी परत पाठवले. संसदेने ते जसेच्या तसे पुन्हा मंजूर केले, आणि मग ऑगस्टमध्ये त्यांना सही करावी लागली. घटनेने दुसऱ्या खेपेला नाही म्हणण्याची मुभाच ठेवलेली नाही.

फाशीच्या दयेच्या अर्जांचा प्रश्न याच माळेतला. पाच वर्षांत त्यांनी दोनच अर्ज निकालात काढले, एक फेटाळला आणि एकाची फाशी रद्द करून जन्मठेप केली. उरलेले सगळे पुढच्यांसाठी राहिले. फाशीच्या प्रकरणांचा आपण अभ्यास करवून घेतला तेव्हा त्यांत सामाजिक आणि आर्थिक पक्षपात दिसला, असे त्यांनी नंतर लिहिले. हे सांगणे मोलाचे आहे. पण ज्यांचे अर्ज पडून होते, त्यांच्या दृष्टीने राष्ट्रपतींचे मौन म्हणजे कोठडीतले आणखी एक वर्ष होते, हेही खरे.

शिलाँगला विचारायचा राहिलेला प्रश्न

२७ जुलै २०१५ रोजी कलाम शिलाँगच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत व्याख्यानाला निघाले. बरोबर त्यांचे सहकारी सृजनपाल सिंग होते. त्या प्रवासातल्या गप्पांची हकिकत सिंग यांनी नंतर लिहिली आणि ती देशभर वाचली गेली. संसदेचे कामकाज त्या दिवसांत गोंधळामुळे वारंवार ठप्प होत होते आणि कलामांना त्याची रुखरुख लागली होती. व्याख्यान संपले की विद्यार्थ्यांना एक काम द्यायचे, असे त्यांनी ठरवले. संसद अधिक कामाची व्हावी यासाठी तीन नव्या कल्पना त्यांनी सुचवायच्या. थोड्या वेळाने मात्र ते स्वतःच घुटमळले. आपल्यापाशीच उत्तर नसताना मुलांना ते कसे विचारायचे, अशी शंका त्यांनी बोलून दाखवली.

त्र्याऐंशी वर्षांचा, देशाच्या सर्वोच्च पदावर बसून आलेला माणूस विद्यार्थ्यांना प्रश्न विचारण्याआधी आपल्याला तो हक्क आहे का, हे तपासत होता! राजकारणावरच्या शेकडो सभांतल्या गुळगुळीत उत्तरांपेक्षा ही घुटमळ अधिक बोलकी आहे. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास, भाषण नुकतेच सुरू झालेले असताना, ते व्यासपीठावर कोसळले. प्रश्नोत्तरांची वेळ आलीच नाही.

तीन पुस्तके आणि एक सावध टीप

आता वाचनाकडे वळू या. कारण इथे कलामांना ना पदाची आडकाठी होती, ना पडद्यावरच्या मुद्द्यांची गरज. "तुमच्यावर कुठल्या पुस्तकांचा परिणाम झाला?" असे कुणीही विचारले की त्यांचा चेहरा खुले आणि उत्तर लांबत जाई.

तीन नावे ठरलेली असत. पहिले 'लाइट फ्रॉम मेनी लॅम्प्स'. लिलियन आयक्लर वॉटसन यांनी संपादित केलेला हा विचारसंग्रह कलामांनी १९५३ मध्ये मद्रासच्या मूर मार्केटमधल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून घेतला. तो पन्नास वर्षे त्यांच्या उशाशी होता. इतका वापरला की पुन्हा पुन्हा बांधून घ्यावा लागला. दुसरे 'तिरुक्कुरल'. तिरुवल्लुवरांची ही १३३० द्विपदींची तमिळ रचना त्यांना मुखोद्गत होती आणि भाषणात ती जागोजाग येई. आपल्याकडे एखाद्या जुन्या मास्तरांच्या बोलण्यात तुकोबा येतात, तशी.

तिसरे पुस्तक 'मॅन द अननोन'. नोबेल पारितोषिक मिळवणारे फ्रेंच शल्यवैद्य अलेक्सिस कॅरेल यांचे हे १९३५ सालचे पुस्तक. शरीर आणि मन यांचा विचार एकत्र करावा, हे त्यातले सूत्र कलामांना भावले होते. पण कलामांनी सांगितले म्हणून हे पुस्तक डोळे मिटून मुलांच्या हाती देऊ नये. त्यात दुबळ्यांना आणि गुन्हेगारांना समाजातून दूर करण्याविषयी असे काही विचार आहेत की आज वाचताना अंगावर काटा येतो. थोर माणसाचे आवडते पुस्तकही आपले डोके शाबूत ठेवूनच वाचायचे असते.

वाचनाची ही गोडी त्यांना लागली ती काही श्रीमंत घरात नव्हे. रामेश्वरमला त्यांच्या लहानपणी माणिकम नावाचे एक देशभक्त गृहस्थ राहत. त्यांच्या घरी पुष्कळ पुस्तके होती आणि छोटा कलाम ती मागून आणी. दुसऱ्या महायुद्धात रामेश्वरम स्थानकावर गाडी थांबणे बंद झाले, तेव्हा वर्तमानपत्रांचे गठ्ठे धावत्या गाडीतून खाली टाकले जात. वृत्तपत्रविक्रेत्या चुलतभावाच्या हाताखाली हे गठ्ठे झेलणे, ही त्या मुलाची पहिली कमाई. पुढे तिरुचिरापल्लीच्या सेंट जोसेफ महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला असताना त्यांना टॉल्स्टॉय, स्कॉट आणि हार्डी यांचा नाद लागला. हे सारे 'विंग्ज ऑफ फायर'मध्ये आहे. माधुरी शानभाग यांच्या अनुवादामुळे तेच पुस्तक 'अग्निपंख' या नावाने मराठी घरांत पोचले.

वीस, दोनशे, दोन हजार

पुस्तक प्रदर्शनांत कलाम पालकांकडूनही एक प्रतिज्ञा म्हणवून घेत. घरात वीस पुस्तकांचे ग्रंथालय सुरू करायचे, त्यांतली दहा मुलांची असायला हवीत. मुलगा-मुलगी ते दोनशेवर नेतील आणि नातवंडे दोन हजारांवर. त्यांच्या सगळ्या मोठमोठ्या स्वप्नांमध्ये हे एकच असे आहे की ते पुरे करायला ना सरकार लागते, ना अंदाजपत्रक. 'श्यामची आई', भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे', राष्ट्रीय पुस्तक न्यासाची नेहरू बाल पुस्तकालय मालेतली चार-सहा स्वस्त पुस्तके... दहाचा आकडा बोलता बोलता गाठता येतो. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आणि मुले घरात मराठी बोलतात पण वाचत नाहीत म्हणून हळहळणाऱ्या आईवडिलांना तर याहून सोपी सुरुवात मिळायची नाही. मोठ्यांची उरलेली दहा कोणती, हे ज्याने त्याने ठरवावे. फक्त ती वाचलेली असावीत. मुलांना ते लगेच कळते.

महाराष्ट्रात २०१५ पासून कलामांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून पाळला जातो. शाळाशाळांतून प्रतिमेला हार घातला जातो, मुले ओळीने बसून वाचतात, छायाचित्रे निघतात. चांगलेच आहे. पण त्या तासानंतर "काय वाचलंस रे?" असे विचारून उत्तर पुरते ऐकून घेणारे, आणि "बाई, तुम्ही काय वाचताय?" असे मुलाने उलट विचारले तर न रागावता सांगणारे किती निघतील? त्या दिवशी हाराला थोडी काट मारून या प्रश्नांना वेळ दिला, तर ज्याच्या नावाने दिवस पाळतो त्याची रीत पाळल्यासारखे होईल.

पुस्तक जवळ असणे म्हणजे काय, हे सांगताना कलाम स्वतः एक आठवण पुष्कळदा सांगत. मद्रासला क्रोमपेटच्या तंत्रज्ञान संस्थेत ते शिकत होते. रामेश्वरमला मोठे वादळ झाल्याची बातमी आली. घरच्यांची खबर नाही आणि गाडीभाड्याला खिशात पैसे नाहीत. जवळ विकण्याजोगी एकच वस्तू होती. 'थिअरी ऑफ इलॅस्टिसिटी' हे बक्षीस म्हणून मिळालेले, त्या काळात सुमारे चारशे रुपये किमतीचे जाडजूड पुस्तक. ते घेऊन ते मूर मार्केटला गेले. दुकानदाराने पुस्तक पाहिले, पोराचा चेहरा पाहिला, त्याला साठ रुपये दिले आणि सांगितले, पुस्तक मी विकणार नाही, पैसे जमतील तेव्हा येऊन घेऊन जा.

ते मूर मार्केट १९८५ मध्ये आगीत जळाले.